कॅन्सरच्या उपचारांनंतर दिनक्रमाची घडी कशी बसवावी

केमोथेरपीचे शेवटचे सलाईन उतरते किंवा रेडिएशनचा शेवटचा दिवस पार पडतो, डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ असे सांगतात आणि रुग्ण घरी परततो. इतके महिने घर रुग्णालयाच्या वेळापत्रकावर चाललेले असते. रक्ततपासणी कधी, सलाईन कधी, पथ्य कोणते, हे सारे कोणीतरी ठरवून दिलेले असते. ते एकाएकी थांबते, आणि रोज उठून नेमके काय करायचे हे सांगणारा एकही कागद फाईलमध्ये सापडत नाही. मग घरातली माणसे त्यांना सुचेल ते प्रेमाने करतात. बादली उचलू देत नाहीत, जिना चढू देत नाहीत, स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ ‘तू फक्त आराम कर’ असे सांगत राहतात.

पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना अशी घरे मी सतत पाहते, आणि त्या मायेबद्दल मला मुळीच शंका नाही. तरीही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की उपचार संपल्यानंतर लादलेली विश्रांती बहुतेकांचे नुकसानच करते. न वापरलेले स्नायू झडतात, स्नायू झडले की थोड्या श्रमानेही दम लागतो, दम लागतो म्हणून माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र तोडायचे असेल, तर हालचाल, जेवण, झोप आणि तपासण्या यांनाही औषधासारखी मात्रा आणि वेळ नेमून द्यावी लागते. ज्यांचे मुख्य उपचार पूर्ण झाले आहेत, किंवा जे केवळ हार्मोनच्या गोळ्या घेत आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. आजार हाडांत पसरलेला असेल, हृदयाचा त्रास असेल, पोटावर स्टोमाची (मल किंवा लघवी बाहेर काढण्यासाठी केलेल्या छिद्राची) पिशवी असेल किंवा रक्तपेशी अजून कमी असतील, तर पुढील कोणतीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

आधी एक पान लिहून घ्या

निदान एका रुग्णालयात, शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी आणि दुसरे मत घेण्यासाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, अशी धावपळ पुण्यातील अनेक कुटुंबांनी केलेली असते. फाईल जाडजूड होते, पण कामाची माहिती तिच्यात विखुरलेली राहते. म्हणून उपचार संपताना डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश मागून घ्यावा. आजाराचे नेमके नाव आणि टप्पा, शस्त्रक्रियेची तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि एकूण मात्रा, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती दिले, एवढे त्यात असले पाहिजे.

या पानाचा उपयोग पुढे अनेक वर्षे होतो. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब घेतलेल्या व्यक्तीच्या हृदयावर लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे पुढे कधी दम लागू लागला तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ही नावे कळणे आवश्यक असते. मानेला रेडिएशन मिळालेल्यांमध्ये थायरॉईडचे काम मंदावू शकते आणि ते काही वर्षांनीही घडते. लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्यांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची हे विचारून ठेवावे. सिसप्लॅटिनचा परिणाम मूत्रपिंडांवर आणि ऐकण्यावर होऊ शकतो. या पानाची एक प्रत पाकिटात आणि एक फोटो घरातील दोन जणांच्या मोबाइलमध्ये असावा.

चालणे: मात्रा ठरवून

उपचारांनंतरचा थकवा हा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या थकव्यापेक्षा वेगळा असतो. तो रात्रभर झोपूनही जात नाही, आणि म्हणूनच रुग्ण घाबरतो. अशा थकव्यामागे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉईड बिघडणे, वेदना, अपुरी झोप किंवा नैराश्य यांपैकी काही आहे का, हे आधी तपासून घ्यावे, कारण त्यांवर स्वतंत्र उपाय आहेत. ही कारणे दूर केल्यावरही जो थकवा उरतो, त्यावर आज ज्या उपायाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उपाय म्हणजे नियमित व्यायाम. दमलेल्या माणसाला चालायला सांगणे ऐकणाऱ्याला कठोर वाटते, याची मला जाणीव आहे. पण पहिले दोन आठवडे निभावले की बहुतेकांना फरक स्वतःलाच जाणवू लागतो.

गाठायचे उद्दिष्ट असे आहे: आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम गती ओळखण्यासाठी घड्याळाची किंवा ॲपची गरज नाही. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती होय. बोलतानाच वाक्य तुटू लागले, तर वेग कमी करावा.

मात्र १५० मिनिटांचा आकडा पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर ठेवू नये. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा चालावे. ते सहज जमू लागले की प्रत्येक फेरीत आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. एखाद्या आठवड्यात ताप आला, घरी कार्य निघाले किंवा तपासणीच्या ताणाने पाय उचलेना, तर पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. बरे वाटते म्हणून एके दिवशी तासभर चालायचे आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. चांगल्या दिवशीही ठरलेल्या मात्रेवर थांबणे हे या काळातले सर्वांत अवघड पथ्य आहे.

पुणे हे चालणाऱ्यांसाठी सोयीचे शहर आहे, फक्त जागा ताकदीनुसार निवडावी. सुरुवातीला सपाट जमीन आणि दर थोड्या अंतरावर बसायला बाक हवा. सारसबाग, एम्प्रेस गार्डन किंवा सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान त्यासाठी योग्य आहे. न थांबता अर्धा तास चालता येऊ लागल्यावर तळजाईच्या रुंद वाटा घ्याव्यात. हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी त्यानंतरच्या; तेथे सुट्या मुरमावरून पाय घसरतो, त्यामुळे तळव्यांना बधिरता असलेल्यांनी काठीशिवाय किंवा सोबतीशिवाय जाऊ नये. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे उत्तम दूरचे उद्दिष्ट आहे. पहिल्यांदा वीस पायऱ्या चढून परत आले तरी चालते, आणि उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो म्हणून कठड्याचा आधार घ्यावा. हिवाळ्यात पहाटे शेकोट्यांचा आणि जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर खाली साचलेला असतो, त्यामुळे फुप्फुसांना रेडिएशन झालेल्यांनी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळून इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या घालाव्यात, पण त्या काळात चालणे बंद करू नये.

व्यायामाने नुसते बरे वाटते की आजाराच्या वाटचालीवरही परिणाम होतो, हा प्रश्न रुग्ण वारंवार विचारतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत याचे ठोस उत्तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीने दिले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण केलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला गेला आणि उरलेल्यांना आरोग्यविषयक माहितीपत्रके. पाच वर्षांनी व्यायाम गटातील ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ७३.९ टक्के रुग्ण आजार न उलटता जगत होते. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते. हा निष्कर्ष मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरता आहे आणि तो जसाच्या तसा इतर कॅन्सरना लावता येणार नाही. तरीही या चाचणीत व्यायाम गटाला जे अतिरिक्त उद्दिष्ट दिले होते, ते साधारणपणे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालण्याइतकेच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यासाठी महागड्या जिमची गरज नाही. गरज आहे ती कोणीतरी दर आठवड्याला ‘किती चाललात?’ असे विचारण्याची. हे काम घरातील एका व्यक्तीने अंगावर घ्यावे.

ताकद आणि लवचीकपणा

चालण्याने दमसास वाढतो, पण केमोथेरपीत आणि अंथरुणात गेलेले स्नायू केवळ चालून परत येत नाहीत. त्यासाठी घरातली एक साधी खुर्ची पुरेशी आहे. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्या पुढच्या कडेजवळ बसावे, दोन्ही पावले जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवावीत, हात छातीवर आडवे घ्यावेत, अंग थोडे पुढे झुकवून श्वास सोडत उभे राहावे आणि मनात तीन अंक मोजत सावकाश बसावे. धपकन बसले तर व्यायामाचा अर्धा लाभ जातो, कारण सावकाश बसतानाही मांडीचा स्नायू काम करत असतो. हातांच्या आधाराशिवाय उठता येत नसेल, तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून बैठक उंच करावी आणि जमू लागल्यावर ती काढावी. आठ वेळा उठबस, मग विश्रांती, मग पुन्हा आठ वेळा, असे आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे. याच्या जोडीला भिंतीवर हात टेकवून छाती भिंतीकडे नेण्याचा व्यायाम आणि अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून कोपरात हात वाकवण्याचा व्यायाम घ्यावा.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकागाठी काढलेल्या स्त्रियांना, हात सुजेल या भीतीने, ‘त्या हाताने आयुष्यभर काही उचलायचे नाही’ असे सांगितले जाते, आणि घरात हा नियम कसोशीने पाळला जातो. पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर देखरेखीखाली वजन उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या हाताची सूज वाढली नाही. उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. यातून घ्यायचा धडा असा, की अगदी हलक्या वजनाने सुरुवात करावी, वजन फार सावकाश वाढवावे, ज्यांना सूज आहे त्यांनी व्यायामाच्या वेळी मापाची दाबपट्टी घालावी आणि पहिले काही आठवडे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. कणीक मळणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, केस विंचरणे ही कामे तर लवकरात लवकर त्याच हाताने सुरू करावीत, कारण न हलवलेला खांदा आखडतो आणि तो मोकळा करायला पुढे महिनोन्‌महिने लागतात.

योगासनांबाबत पुणेकरांचे भाग्य मोठे आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी शिवाजीनगर भागात १९७५ साली आपली योगसंस्था उभी केली आणि खुर्ची, लोड, पट्टा, लाकडी ठोकळे, दोर यांच्या आधाराने अशक्त शरीरालाही आसनात टिकून राहता येईल अशी पद्धत रुजवली. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आणि सतत थकवा असलेल्या ३१ स्त्रियांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या अय्यंगार योगाने थकवा लक्षणीयरीत्या कमी झाला. शिक्षकांना आपला आजार, शस्त्रक्रिया आणि हाडांची स्थिती मोकळेपणाने सांगावी. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठीला जोराने पुढे वाकवणारी किंवा पिळवटणारी आसने आणि शीर्षासन टाळावे.

हात, पाय आणि तोंड यांची रोजची निगा

काखेतील गाठी काढलेल्या हाताचा घेर महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने, ठरलेल्या जागांवर मोजावा: मनगट, कोपराच्या चार बोटे खाली आणि चार बोटे वर. दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ दिसली, बांगड्या किंवा ब्लाऊजची बाही घट्ट होऊ लागली, तर वाट न पाहता दाखवावे, कारण सूज सुरुवातीलाच आटोक्यात येते. त्या हाताला भाजणे, कापणे, डास चावणे यांपासून जपावे, आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

ऑक्सॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन यांसारख्या औषधांनी तळहात-तळव्यांना मुंग्या किंवा बधिरता येते. अशांनी घरातही मऊ, पकड असलेली चप्पल घालावी, आंघोळीचे पाणी कोपराने तपासावे, रात्री झोपण्यापूर्वी तळवे उजेडात पाहावेत आणि मंदिरात उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळावे.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप आहेत आणि त्यांच्या बाबतीत तोंड उघडण्याचा व्यायाम चालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, हे दर आठवड्याला पाहावे. आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्यांची थप्पी दातांमध्ये हलकेच सरकवून अर्धा मिनिट धरावी आणि काही दिवसांनी तीत एकेक काडी वाढवावी. वेदना होईपर्यंत ताणू नये. रेडिएशनने लाळ कमी झाली असेल, तर पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि फ्लोराईडची टूथपेस्ट वापरावी. जबड्याला रेडिएशन झालेल्या व्यक्तीने दात काढण्यापूर्वी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना कळवलेच पाहिजे, कारण अशा जबड्याची जखम भरून न येता हाड खराब होण्याचा धोका असतो.

ताटात काय असावे

घरातले सर्वाधिक वाद जेवणावरून होतात, आणि त्यांतले बरेचसे अनावश्यक असतात. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, या भीतीने लोक फळेसुद्धा बंद करतात आणि वजन उतरवून बसतात. शरीरातील प्रत्येक पेशीला साखर लागते आणि आहारातली साखर पूर्ण तोडल्याने कॅन्सरची पेशी उपाशी मरत नाही. गोड पेये, मिठाई आणि बेकरीचे पदार्थ कमी करावेत, ते वजन आणि मधुमेह आटोक्यात राहावेत म्हणून.

खरी उणीव असते प्रथिनांची. उपचारांतून सावरताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज एक ग्रॅमपेक्षा अधिक, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. आपल्या नेहमीच्या शाकाहारी जेवणात पातळ वरण, भात, दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असते, आणि एवढ्याने ही गरज भागत नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा वरण घट्ट करावे, दोन्ही वेळच्या जेवणात मटकी, मूग किंवा चवळीची उसळ ठेवावी, न्याहारीला पोह्यांऐवजी आठवड्यातून काही दिवस मुगाचे धिरडे किंवा डाळींचे थालीपीठ करावे, आणि चालतात त्यांनी अंडी व मासे खावेत. सोयाबीन आणि सोयाचे पदार्थ स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी आहारात खाल्ल्यास अपाय होत नाही. हाडांसाठी नाचणी उत्तम आहे, कारण तिच्या शंभर ग्रॅम पिठात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मंडईत मिळणाऱ्या हंगामी पालेभाज्या आणि फळांनी ताटाचा निम्मा भाग भरावा.

उपवासाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी सोडायला अनेकांचे मन धजत नाही. त्यांच्या श्रद्धेला हात न लावता ताट बदलता येते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही आणि फळे घेतली, तर उपवासही होतो आणि शरीरही उपाशी राहत नाही. वजन घटत असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर काही महिने उपवास न करणेच योग्य, आणि असे बहुधा घरातील ज्येष्ठांनी सांगितले तर ते ऐकले जाते.

मद्याची सुरक्षित म्हणावी अशी मात्रा नाही, म्हणून ते पूर्ण बंद असावे. सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस टाळावे आणि मटण कधीतरीच असावे. काढे, भस्मे, गव्हांकुराचा रस, परदेशातून आणलेल्या गोळ्या हे सारे कोणी ना कोणी आणून देतोच. स्वयंपाकातली हळद निर्धोक आहे, परंतु हळदीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि भस्मांत जड धातू असू शकतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही कॅन्सरविरोधी गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बदलतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरात घेतल्या जाणाऱ्या सर्व बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि काहीही न लपवता दाखवाव्यात.

तंबाखू, मिश्री आणि सुपारी

उपचारांनंतरही तंबाखू चालू ठेवणाऱ्यास आजार परतण्याचा आणि नवा कॅन्सर होण्याचा धोका अधिक असतो, आणि जखमाही उशिरा भरतात. सिगारेट सोडली जाते, पण दात घासायची मिश्री अनेक घरांत व्यसन मानलीच जात नाही. सुपारीचेही तसेच आहे. तंबाखू नसलेली साधी सुपारीदेखील कॅन्सरकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे, त्यामुळे जेवणानंतरच्या तबकातून ती काढून बडीशेप आणि ओवा ठेवावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तलफ बंदीने जात नाही. ती औषधे आणि समुपदेशन घेऊन जाते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. घरातील इतरांनीही त्याच दिवशी सोडावे, कारण समोर कोणी मळत बसले असता एकट्याने टिकणे फार कठीण असते.

झोप, भीती आणि घरातली माणसे

झोप न येणे ही उपचारांनंतरची अत्यंत सामान्य तक्रार आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीसुद्धा. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी आणि तीननंतर झोपू नये. वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करावे आणि डोळे मिटू लागल्यावरच पलंगावर परतावे. तळमळत पडून राहिल्याने मेंदू पलंगाची सांगड जागरणाशी घालतो. झोपेच्या गोळीआधी या पद्धतीला काही आठवडे द्यावेत.

आजार परत येईल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ती उफाळून येते. ‘असे काही मनात आणू नकोस’ असे म्हटल्याने ती जात नाही, उलट बोलण्याचा मार्ग बंद होतो. रुग्णाने दिवसातली पंधरा मिनिटे ठरवून आपल्या काळज्या वहीत लिहाव्यात आणि घरच्यांनी त्या वेळी सल्ला न देता ऐकावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, रडू येणे, कशातच रस न वाटणे असे होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. वेदना, श्वास किंवा भूक यांचा त्रास उरलेलाच असेल, तर पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांची, मदत घ्यावी. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज आहे. वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून हे काम करत आहे.

लैंगिक संबंधांतील कोरडेपणा, वेदना किंवा इच्छा कमी होणे याबद्दल डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असे नाही. तेव्हा पती-पत्नींनी ते विचारावे, कारण जेल, औषधे आणि समुपदेशन असे साधे उपाय त्यावर आहेत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या तरुण स्त्रियांनी गर्भनिरोधनाबाबतही बोलून घ्यावे.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. बऱ्या होणाऱ्या व्यक्तीला घरातले एक काम पूर्णपणे परत द्यावे, मग ते भाजी आणणे असो, वीजबिल भरणे असो की नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे असो. आपल्यावाचून कोणाचे तरी काम अडते, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठवते. नोकरीवर परतताना पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम मिळते का, हे लेखी विचारावे, आणि विसराळूपणा जाणवत असेल तर प्रत्येक काम त्याच क्षणी लिहून ठेवण्याची सवय लावावी.

तपासण्या आणि धोक्याच्या खुणा

प्रत्येक कॅन्सरचे तपासणीचे वेळापत्रक वेगळे असते. स्तनाच्या कॅन्सरनंतर पहिली तीन वर्षे साधारण तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि दरवर्षी मॅमोग्राम, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर शस्त्रक्रियेपासून वर्षभराने कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी), असा सर्वसाधारण क्रम आहे. आपले वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि घरच्यांच्या आग्रहाखातर मधूनच पूर्ण शरीराचे स्कॅन करून घेऊ नयेत. त्यांतून बहुधा अनावश्यक शंका आणि खर्चच वाढतो. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी, मात्र कोणतीही लस घेण्यापूर्वी ती जिवंत विषाणूंची नाही ना, हे विचारावे.

पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे अशी लक्षणे ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावीत: नवी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, कारण नसताना घटणारे वजन, रात्रीही न थांबणारे हाडाचे किंवा पाठीचे दुखणे, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाळी थांबल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव. पाठदुखीसोबत पाय लुळे पडणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, छातीत दुखणे, अचानक दम लागणे आणि पोटरी सुजून दुखणे यांसाठी त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

तपासणीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वर ठेवावा, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर तोच विसरला जातो. सोबत आलेल्या व्यक्तीने उत्तरे लिहून घ्यावीत, आठवड्याला किती मिनिटे चाललो आणि वजन किती झाले ही नोंद डॉक्टरांना दाखवावी, आणि खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी पुढची तारीख व त्या दिवशी आणायच्या तपासण्यांची नावे त्याच कागदावर लिहून घ्यावीत.